उतरतें विमान आणि त्याचें चित्र

स्वारगेटचें नांव पूर्वी तेथें असलेल्या घोडेस्वारांच्या चौकीवरून पडलें, असें जुनीं माणसें सांगत. स्वार गेले, चौकी गेली. त्यांच्या जागीं एस. टी. चें स्थानक आलें, आणि सन २०२४ च्या सप्टेंबरपासून त्याच चौकाच्या पोटांत भुयारी मेट्रो धांवूं लागली. जमिनीवरून आणि जमिनीखालून जाणाऱ्या वाहनांची येथें इतकी दाटी आहे कीं, मान वर करून आकाशांतील वाहनाकडे पाहण्यास कोणास सवड नसावी. परंतु माझा एक भाचा याच चौकाजवळ राहतो, आणि त्याला आकाशावांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. महिन्यांतून एकदां तरी पहांटेची गाडी धरून तो मुंबईस जातो, दिवसभर उतरणाऱ्या विमानांचीं छायाचित्रें घेतो, आणि परत आल्यावर आठ-आठ दिवस संगणकापुढें बसून त्या चित्रांवर संस्कार करीत राहतो. त्याच्या आईच्या मतें हें खूळ आहे. माझेंही मत पुष्कळ दिवस तेंच होतें.

पुण्यास विमानतळ असतां मुंबईची पायपीट कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. पुण्याचें विमान उतरतें तें लोहगांवास, म्हणजे तुकोबांच्या आजोळीं. तेथील तळ इंग्रज सरकारनें सन १९३९ मध्यें मुंबईच्या संरक्षणासाठीं उभारला, आणि तो आजही हवाई दलाचाच आहे. सुखोई जातीचीं पहिलीं लढाऊ विमानें हिंदुस्थानच्या सेवेंत दाखल झालीं तीं सन १९९७ मध्यें येथेंच. प्रवासी विमानें तेथें वावरतात तीं परक्याच्या वाड्यांतील बिऱ्हाडकरूंप्रमाणें. अशा जागीं कोणी कॅमेरा रोखला तर पहारेकरी त्याची विचारपूस करणारच, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. तशी ही मनाई आपल्याकडे जुनीच आहे; सन १९३७ च्या विमान-नियमांतील तेराव्या नियमानें सरकारी विमानतळावर, तसेंच उडत्या विमानांतून, परवानगीवांचून छायाचित्र घेण्यास बंदी घातली होती. लोहगांवच्या कुंपणाजवळ उभें राहणें भाच्याच्या बापास मानवत नाहीं, म्हणून मुंबई.

मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाचे दोन धांवपट्टे एकमेकांस छेदून जातात. त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येतो. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसांत तेथें १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरीनें दीड मिनिटहि न लोटतां एक विमान येतें किंवा जातें. मुख्य पट्ट्याकडे पूर्वेच्या बाजूनें येणारें विमान कुर्ल्यानजीकच्या जरीमरीच्या वस्तीवरून इतकें खालून जातें कीं, त्याच्या पोटावरील रेषा मोजतां याव्यात. भाच्याची आवडती जागा तीच.

या उद्योगांत बरेंच शास्त्र आहे, हें मला त्याच्याजवळ बसल्यावर कळलें. जमिनीस टेंकण्यापूर्वीं विमानाचा वेग ताशीं सुमारें २५० किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदास जवळजवळ ७० मीटर. कॅमेऱ्याचें शटर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापुरतें उघडलें, तरी तेवढ्या अवकाशांत तें सात सेंटिमीटर पुढें सरकतें. म्हणून कॅमेरा नुसता रोखून धरणें उपयोगाचें नाहीं. पाय रोंवून, कंबरेंतून वळत, विमानाच्या गतीनें आपणही फिरावें लागतें. जेट विमानास हें पुरतें. परंतु पंख्याच्या विमानाची गोष्ट निराळी. एटीआर जातीच्या विमानाचा पंखा पूर्ण वेगांत सेकंदास वीस फेरे घेतो. हजाराव्या हिश्शांत त्याचें पातें जेमतेम सात अंश फिरतें. मग चित्रांत तीं पातीं अगदीं थिजलेलीं उमटतात, आणि इंजिन बंद पडून विमान आकाशांत टांगलें आहे असा भास होतो. यासाठीं जाणते लोक शटर मुद्दाम मंद करतात. सव्वाशेंव्या हिश्शांत पातें एका फेऱ्याचा सहावा भाग फिरतें आणि त्याचें एक धूसर वलय दिसूं लागतें. चित्र खरें वाटावें म्हणून तें थोडें अस्पष्ट करावें लागतें, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटली.

पुढचें काम घरीं. क्षितिज कललें असेल तर सरळ करावयाचें; पोटाखालची काळोखी थोडी उजळावयाची; निळ्या आकाशांत करडे ठिपके दिसतात ते शोधून पुसावयाचे. हे ठिपके म्हणजे कॅमेऱ्याच्या आंत बसलेली धूळ. दुपारीं तापलेल्या जमिनीवरील हवेचा जो थरथराट चित्रांत उतरतो तो मात्र कोणत्याही युक्तीनें निघत नाहीं. त्यासाठीं सकाळचें ऊनच गांठावें लागतें. हें सारें पाहून माझें मन पुष्कळ निवळलें होतें.

वाद झाला तो एका निराळ्याच चित्रावरून. विमान जरीमरीवर आलेलें, चाकें खालीं काढलेलीं, आणि त्याच्या खालीं पत्र्यांच्या छपरांची रांगच्या रांग. एका छपरावर गोधड्या वाळत घातलेल्या; शेजारीं एक बाई पाठमोरी उभी. डोक्यावरून एवढें धूड जात असतां तिनें मान वर केलेली नाहीं. मला तें चित्र फार आवडलें. दुसरे दिवशीं पाहतों तों छपरें नाहींत, गोधड्या नाहींत, बाई नाहीं. निर्मळ निळ्या आकाशांत विमान तेवढें तरंगत आहे. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "मामा, चित्र विमानाचें आहे, पत्र्यांचें नाहीं."

उत्तर तोडीस तोड होतें, आणि न्यायानें पाहिलें तर त्याच्या बाजूनें मोठमोठे साक्षीदार उभे आहेत. छायाचित्रांतील आकाश आणि खोटेपणा यांचें नातें जवळजवळ या कलेइतकेंच जुनें आहे. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकांत कांचेवर ओल्या कलोडियनचा थर देऊन चित्र घेत. तो थर निळ्या प्रकाशास फाजील संवेदनशील असे. त्यामुळें जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पांढरें फटक पडे आणि ढगांचा मागमूसहि उरत नसे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें सन १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं जीं विख्यात चित्रें केलीं, त्यांतील कित्येकांत लाटा एका कांचेवरील आणि ढग दुसऱ्या कांचेवरील आहेत. पुढें तर छायाचित्रकार ढगांच्या निगेटिव्ह जमवूनच ठेवीत, आणि एकच ढग निरनिराळ्या गांवांवर तरंगत असे. आपल्याकडील स्टुडिओंतही उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनें गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि देवीचे व्रण घालविणारा एक कारागीर असे. आपल्या आजोबांचे जे तुळतुळीत गाल आपण भिंतीवर पाहतों, ते पुष्कळदां त्या पेन्सिलीचे असतात. तेव्हां भाच्यास एकट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें योग्य होणार नाहीं.

परंतु विमानाचा इतिहास या बाबतींत जरा निराळी साक्ष देतो. १७ डिसेंबर १९०३ रोजीं सकाळीं, अमेरिकेंतील किटी हॉकजवळच्या वाळूंत, ऑर्व्हिल राइट विमानावर चढण्यापूर्वीं त्यानें तिकाटण्यावर कॅमेरा उभा केला, रुळाच्या टोंकाकडे रोखला, आणि जवळच्या जीवरक्षक ठाण्यांतील जॉन डॅनिअल्स याच्या हातांत रबराचा गोळा देऊन विमान उचललें जातांच तो दाबावयास सांगितलें. डॅनिअल्सनें तोंवर कधीं कॅमेरा हाताळला नव्हता. बारा सेकंदांचें आणि १२० फुटांचें तें उड्डाण; कांच धुतली गेली ती बंधू घरीं डेटनला परतल्यावर. त्या चित्रांत विमान आहेच. पण वाळूंत उमटलेलीं पावलें, पडलेलें फावडें, एक बांक आणि बाजूस धांवतां धांवतां थबकलेला विल्बर हेंही आहे. सन १९१३ च्या डेटनच्या महापुरांत ती कांच पाण्याखालीं गेली आणि तिचा एक कोपरा खराब झाला. आजही तें चित्र छापतात तें बहुधा त्या खराब कोपऱ्यासह. विमान जमिनीपासून किती उंच आहे, हें आपणांस कळतें तें त्या वाळूमुळें आणि विल्बरमुळें. त्या दोहोंस पुसून टाका. मग तें विमान दोन फुटांवर आहे कीं दोनशें, हें सांगण्यास कोणी उरत नाहीं.

याच्या उलट आपली गोष्ट. सन १८९५ मध्यें शिवकर बापूजी तळपदे यांनीं चौपाटीवर विमान उडविलें, अशी कथा महाराष्ट्रांत घरोघरीं सांगतात. त्या काळीं मुंबईंत छायाचित्रकारांची वाण नव्हती. तेथें छायाचित्रणाची संस्था सन १८५४ मध्येंच स्थापन झालेली होती. आणि चौपाटीच्या वरच, हँगिंग गार्डनमध्यें झालेली कुस्ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं सन १८९९ मध्यें चलच्चित्रांत पकडली. पण तळपद्यांच्या त्या उड्डाणाचें एकही छायाचित्र पुढें आलेलें नाहीं. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार त्या कथेस पुढें जोडण्यांत आला, त्यांतील विमानें उडूंच शकत नाहींत, असा निर्णय बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंतील अभ्यासकांनीं सन १९७४ मध्यें दिला. तळपदे उद्योगी आणि जिज्ञासू पुरुष होते, यांत शंका नाहीं. एखादी धुरकट, तुटकी कांच मागें राहिली असती, तर त्यांनीं जेवढें केलें तेवढें तरी आज आपण निःशंकपणें सांगूं शकलों असतों.

आणि हौशी चित्राचें मोल कळण्यास इतके मागें जाण्याचीही गरज नाहीं. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें विमान उडतांच कोसळलें. आंतील २४२ पैकीं २४१ आणि जमिनीवरील १९ माणसें दगावलीं. त्या क्षणाचें जें चलच्चित्र प्रथम जगापुढें आलें तें विमानतळाजवळच्या एका मुलानें केवळ हौसेनें टिपलेलें होतें. त्यांत घरांचीं गच्च्याछपरें आहेत, हात हलला आहे, विमान लहान दिसतें आहे. परंतु विमानाच्या पोटाखालचा आपत्कालीन पंखा बाहेर आलेला आहे कीं नाहीं, यावर देशोदेशींच्या जाणकारांनीं अशा चित्रांचा कण-कण तपासला. पुढें जुलैंतील प्राथमिक चौकशी-अहवालांत विमानतळावरील कॅमेऱ्याचें चित्र छापून तो बाहेर आला होता असें दाखविण्यांत आलें. ज्या चित्राकडून एवढ्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर मागावयाचें, त्यांतील नकोसें वाटणारें कांहीं कोणी आधींच पुसलें असतें तर?

हें सर्व मीं भाच्यास ऐकविलें. त्यानें मान डोलाविली, पण त्याला तें पटलें असें मला दिसलें नाहीं. शेवटीं मीं त्याला पुण्याचीच एक गोष्ट सांगितली. लोहगांवच्या आधींही पुण्यास विमानें उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून 'पस मॉथ' नांवाच्या लहानशा विमानांतून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. मग विमानें, सुटे भाग, माणसें असा सारा संसार उचलून टाटा मंडळी पुण्यास येत, आणि त्यांचीं विमानें येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेंतील एका मैदानावर उतरत. टाटा ही आठवण उतारवयांत मोठ्या मिस्किलपणें सांगत असत. टपालाचें तें पहिलें उड्डाण होण्यापूर्वीं तीनच आठवडे, २४ सप्टेंबर १९३२ रोजीं, त्याच तुरुंगांत पुणें-करारावर सह्या झाल्या होत्या.

भाचा ताडकन उठून बसला. "मामा, त्या विमानांचा येरवड्यांतला फोटो आहे कुठें?"

मीं विचारलें, "समज, मिळाला. त्यांत तुरुंगाची भिंत असावी कीं नसावी?"

"असावी ना! नाहींतर येरवडा कशावरून?" असें तो बोलून गेला, आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

यंदाच्या पावसाळ्यांत तो पुन्हा मुंबईस जाऊन आला. त्यानें आणलेलें नवें चित्र माझ्या टेबलावर आहे. छपरांवर निळीं ताडपत्रें पसरलेलीं, त्यांवर दगड आणि जुने टायर ठेवलेले, आणि त्यांवरून ढगांतून निथळत आलेलें विमान. मागें तारीख, वेळ, विमानाचा नोंदणी-क्रमांक आणि वाऱ्याची दिशा त्यानें आपल्या हातानें लिहिली आहे. खालचें त्यानें कांहीं कातरलें नाहीं. कातरलें तें वरचें आकाश. विमानाच्या शेपटीवरून जाणारी विजेची एक तार मात्र त्यानें पुसून टाकली आहे. ती मीं ओळखली, कारण तिचा खांब तसाच उभा राहिला आहे. त्या तारेवरून आमचा वाद अद्याप चालू आहे.