टिनपाटात ओतलेला पिस्टन

शेतकरी बंधूंनो, मोटारसायकलचं इंजिन उघडायची वेळ आली की आपण म्हणतो, "हत्यारंच नाहीत, काय करणार?" ज्यानं बहुतेक हत्यारं घरीच केली, अशा एका माणसाची ही हकिकत वाचा. तिच्यातून काय घ्यायचं नि काय सोडायचं, तेही पाहू.

बर्ट मन्रो १८९९ साली न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकारगिल इथे जन्मले आणि शेतावर वाढले. १९२० साली त्यांनी 'इंडियन स्काउट' ही ६०० सीसीची अमेरिकन मोटारसायकल घेतली. नाव इंडियन, पण आपल्या देशाशी संबंध काही नाही. मूळ वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. १९२६ पासून मन्रो तिचं इंजिन सुधारू लागले. दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्री शेडमध्ये काम करायचं, असा त्यांचा क्रम होता.

जुन्या टिनच्या डब्यांत धातू ओतून त्यांनी पिस्टन केले. ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड घडवले. मापाला मायक्रोमीटर नव्हता, तर चाकाची जुनी तार घेतली. कितीतरी भाग चालू गाडीत फुटले. ते मन्रोंनी फेकले नाहीत. फळीवर मांडून 'गतिदेवाला नैवेद्य' अशा अर्थाची पाटी वर लावली! प्रत्येक मोडका भाग पाहून पुढचा भाग जास्त पक्का करायचा, हीच त्यांची शाळा.

१९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी १००० सीसीखालच्या गटात ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. त्या वेळच्या हिशेबात राहिलेली चूक २०१४ साली दुरुस्त झाली, तेव्हा आकडा २९६ वर गेला. मन्रो १९७८ साली वारले.

आता आपलं बघा. ओतकाम घरी करू नका. ओलसर साच्यात वितळलेला धातू पडला की वाफेनं उसळतो आणि माणूस भाजतो. पण खोलण्या-बसवण्याची साधी साधनं घरी होतात:

१. गजन पिन ठोकून काढू नका, रॉड वाकतो. आधी दोन्ही बाजूंच्या क्लिपा काढा. मग पिनमधून लांब बोल्ट घाला. एका बाजूला पिनेपेक्षा मोठ्या भोकाचा नळीचा तुकडा, पिस्टनला लागेल तिथे चामडं, आणि वायसर लावून नट आवळा. पिन नळीत सरकत येते.

२. रिंगा दाबायला पत्र्याची गुळगुळीत पट्टी आणि होजक्लिप पुरते.

३. जुनं गॅस्केट बांबूच्या चपट्या कामटीनं खरवडा. लोखंडी पातं अॅल्युमिनियमवर ओरखडे पाडतं, मग तिथून गळती लागते.

बोअर मात्र लेथवाल्याकडूनच मोजून घ्या. मन्रोंना तारेनं मापायचा हात बसायला वर्षं लागली, आणि भाग फुटला तर त्यांची शर्यत हुकायची. आपली गाडी पेरणीच्या तोंडावर अडकली, तर बी-खतच घरी यायचं राहतं.

ध्यानात ठेवा, हत्यार घरचं चालेल, पण माप अंदाजाचं चालणार नाही.