कराचा भार आणि कर्तृत्वाची उमेद

सांगलीहून इस्लामपूरच्या वाटेला लागलें म्हणजे मध्यें आष्टा हें गांव येतें. कृष्णा आणि वारणा ह्या दोन नद्यांमधला हा काळ्या मातीचा पट्टा. ऊस आणि हळद हीं येथलीं पैशाचीं पिकें. वाळवा तालुक्यांतील हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. शहरांतील सुशिक्षित घरांतून अंदाजपत्रकाच्या सुमारास हटकून निघणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करावयाचा, तर हें गांव मोठें सोयीचें आहे. मिळकतीचा मोठा वांटा सरकारच नेणार असेल, तर हुशार मुलानें वैद्यकाचें, वकिलीचें किंवा यंत्रशास्त्राचें कठीण शिक्षण कशासाठीं घ्यावें? कराच्या ओझ्यानें कर्तृत्व खचतें काय?

ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर विहिरीच्या कांठावर शोधावें लागतें. जिराईत शेत बागाईत करणें हा जुन्या काळीं शेतकऱ्याला खुला असलेला फार कष्टाचा, पण तितकाच किफायतीचा मार्ग होता. विहीर खणावयाची म्हणजे सावकाराचें कर्ज, माती आणि मुरूम उपसून खडकापर्यंत जाण्याची मेहनत, पाणी लागेल कीं नाहीं ही धास्ती, आणि पाणी लागलेंच तर मोटेसाठीं बैलांचा खर्च. पैसा आधीं जातो, पीक मागाहून येतें. डॉक्टरीच्या शिक्षणाची रीत ह्याहून निराळी नाहीं. मराठी राज्यांतील कारभाऱ्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या पाटस्थळ जमिनीपेक्षां मोटस्थळ जमिनीला सारा कमी असे, कारण मोटेच्या पाण्यांत मनुष्याचा आणि बैलाचा घाम मिसळलेला असतो. पड जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल मिळे आणि इस्तावा ठरे; म्हणजे प्रथम नाममात्र सारा, पुढें दरवर्षीं थोडा थोडा चढता, आणि कांहीं वर्षांनीं पुरा. कष्ट करणाऱ्याला पुढच्या सालाचा आंकडा आधींच ठाऊक असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत ही घडी विसकटली. वसुलीचा अधिकार मक्त्यानें देण्याची चाल पडली. जो चढी बोली बोलेल त्याच्या हातीं मुलूख. मक्तेदारालाच पुढच्या वर्षाची शाश्वती नाहीं, मग त्यानें रयतेच्या पुढच्या वर्षाची फिकीर कां करावी? एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत ह्या पद्धतीला दोष दिला. पण इंग्रजांनाहि आरंभीं फारसें शहाणपण सुचलें असें नाहीं. प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें प्रांताकडे मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ इतका सारा बसविला. कागदावर तें गणित रेखीव होतें. प्रत्यक्षांत मोजणी सदोष, हाताखालचे कारकून लांचखाऊ आणि धान्याचे भाव उतरते. त्यामुळें शेतें ओस पडलीं आणि कित्येक कुटुंबें निजामाच्या मुलखांत निघून गेलीं. कर मनुष्याला कष्टांपासून परावृत्त करतो ह्या म्हणण्याला महाराष्ट्राच्या इतिहासांत ह्याहून ठळक पुरावा क्वचितच सांपडेल. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी आरंभिली, दर उतरविले आणि ते तीस वर्षांसाठीं कायम केले, तेव्हां पड जमिनी पुन्हा नांगराखालीं येऊं लागल्या.

सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झाल्यानंतर हीच पद्धत ह्या भागांतहि आली. शेतकऱ्यानें स्वतःच्या पैशानें विहीर बांधून जमीन सुधारली, तर तेवढ्यासाठीं त्याचा सारा वाढवूं नये, हें तत्त्वहि पुढें १८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्यांत नमूद झालें. सावकारी आणि फेरपाहणींतील वाढीव दर ह्यांनीं रयतेला गांजलें नाहीं असें नव्हे. १८७५ सालचा सुप्याचा दंगा त्याची साक्ष देतो. तथापि विहीर खणणारा हात दराच्या उंचीला जितका भीत असे, त्याहून अधिक दराच्या लहरीला भीत असे, हें मात्र ह्या साऱ्या हकीकतीवरून दिसतें.

शहरांतील प्राप्तीवरच्या कराची कथा वेगळी आहे. १८५७ च्या युद्धानें रिकामी झालेली तिजोरी भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सननें १८६० सालीं तो हिंदुस्थानांत प्रथम आणला. मध्यंतरीं तो आला, गेला, पुन्हा आला. १८८६ च्या कायद्यानें तो कायम झाला आणि त्याच कायद्यानें शेतीचें उत्पन्न त्यांतून वगळलें. ती सूट आजतागायत चालत आली आहे, आणि आष्ट्यासारख्या गांवाच्या दृष्टीनें बाकीच्या साऱ्या कलमांपेक्षां तीच महत्त्वाची.

ह्या कराचा कळस ज्या अर्थमंत्र्यांच्या हातून चढला, ते यशवंतराव चव्हाण ह्याच मुलखांतले. आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या देवराष्ट्रें गांवीं त्यांचा १९१३ सालीं जन्म झाला. १९७१ सालच्या अंदाजपत्रकांत त्यांनीं अधिभार वाढविला आणि दोन लाखांवरील उत्पन्नावर शेंकडा ९७.७५ इतका दर झाला. त्या मर्यादेपुढें शंभर रुपये मिळविले, तर घरीं सव्वादोन रुपये यावयाचे. संपत्तिकर आणखी निराळाच. एवढ्या दरापुढें शहाणा मनुष्य हात जोडून स्वस्थ बसेल, असें कोणालाहि वाटावें.

पण हा दर लागत होता कोणाला? त्या काळीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचें वेतन महिना चार हजार, म्हणजे सालाचें अठ्ठेचाळीस हजार होतें. दोन लाखांची वेस त्याला दुरूनहि दिसत नसे. महिना कांहीं शें रुपयांवर नोकरीस लागणाऱ्या तरुण डॉक्टराची किंवा अभियंत्याची तर गोष्टच सोडा. खालच्या पायऱ्यांवरचे दरहि हलके नव्हते हें खरें. परंतु ज्या आंकड्याचा एवढा गाजावाजा झाला, तो बडे वकील, चित्रपटांतील नट, कंपन्यांचे संचालक अशा मूठभरांपुरताच होता. त्यांनीं तरी धंदा सोडला काय? मुंबईच्या न्यायालयांत वकिलांचा तुटवडा पडला नाहीं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या दारांतील गर्दी ओसरली नाहीं. बरेच डॉक्टर आणि अभियंते अमेरिकेस गेले, पण त्या देशानें १९६५ सालीं परदेशीयांसाठीं आपलीं दारें अधिक उघडलीं, आणि येथल्या नवशिक्याच्या तुटपुंज्या पगाराला तर वरच्या दरांचा स्पर्शहि नव्हता.

बदललें तें मिळकतीचें रूप. फीचा कांहीं भाग धनादेशानें आणि कांहीं भाग रोख येऊं लागला. पगार वाढविण्याऐवजीं कंपनी घर देई, मोटार देई. एकत्र हिंदु कुटुंबाच्या नांवानें उत्पन्नाच्या वांटण्या झाल्या. माजी सरन्यायाधीश वांछू ह्यांच्या समितीनें १९७१ च्या अखेरीस दिलेल्या अहवालांत करचुकवेगिरीच्या कारणांत चढ्या दरांना अग्रस्थान दिलें आणि कमाल दर शेंकडा ७५ वर आणण्याची शिफारस केली. म्हणजे कर्तृत्व खचलें नव्हतें. त्यांतला बराच भाग चोपडींतून नाहींसा होण्याच्या उद्योगाला लागला होता. हा उद्योगहि कष्टाचाच, आणि त्यांत हुशार माणसांचे तास खर्ची पडत होते. ज्याला लपविण्यास जागा नाहीं अशा पगारदारानें मात्र सरळ कर भरला.

ह्याला विलायतेंतलाहि एक दाखला आहे. जॉर्ज ब्रेक ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५६ सालीं इंग्लंडमधील सुमारें तीनशें वकील आणि हिशेबतपासनीस ह्यांच्या मुलाखती घेतल्या. स्वतःचे तास स्वतः ठरविणारीं हीं माणसें. कराचा परिणाम कोठें दिसावयाचा तर येथें. कांहींनीं करामुळें काम कमी केलें होतें. कांहींनीं घरखर्चाची पातळी राखण्यासाठीं उलट अधिक काम अंगावर घेतलें होतें. दोहोंची वजाबाकी करतां उरलेला परिणाम फारसा मोठा नव्हता.

आपल्याकडे लपण्याची जी जागा सर्वांत निर्धास्त, ती होती शेती. १९७२ सालीं यशवंतरावांनींच प्रा. के. एन. राज ह्यांच्या अध्यक्षतेखालीं शेतीवरील कराचा विचार करण्यासाठीं समिती नेमली. समितीनें शेतजमीन-धारणेवर कर सुचविला. शेती-उत्पन्नावरील कर घटनेनें राज्यांच्या हातीं ठेवलेला, आणि राज्यें बागाइतदारांच्या मतांवर उभीं. सूचना कागदावरच राहिली. एवढेंच झालें कीं, १९७३ पासून इतर उत्पन्नावरचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न हिशेबांत धरूं लागले. कृष्णाकांठच्या मंत्र्यानें शहरांतील मोठ्या मिळकतीवर सर्वांत जड हात टाकला आणि कृष्णाकांठच्या उसाला मात्र तो हात पोंचला नाहीं, ह्यांत त्यांचा दोष किती आणि राज्यघटनेचा किती, ह्याबद्दल मतभेद होऊं शकेल. स्वतःची चूक दुरुस्त करण्याचा मोकळेपणा मात्र त्यांच्यापाशीं होता. १९७४ सालच्या अंदाजपत्रकांत त्यांनींच कमाल दर ७७ वर उतरविला. पुढें १९७६ सालीं तो ६६, १९८५ सालीं ५० आणि १९९७ सालीं ३० झाला.

आतां आष्ट्याकडे पुन्हा वळावें. दर सत्त्याण्णवावर होता तेव्हां येथल्या मुलाला अभियंता होण्यापासून कोणी अडविलें असेल, तर तें जागांच्या टंचाईनें. सरकारी महाविद्यालयांच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. १९८३ सालीं मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, हेहि ह्याच जिल्ह्याचे, ह्यांनीं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हां तो दरवाजा उघडला. अर्थात् ज्याला फी परवडेल त्याच्यासाठीं. १९९९ सालीं खुद्द आष्ट्यांत अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. करांतील उतार आणि अभियंत्यांची वाढ हीं साधारण एकाच काळांत आलीं म्हणून एकानें दुसऱ्याला जन्म दिला असें कोणी म्हणेल, तर त्यानें ह्या वसतिगृहांतील मुलांच्या वडिलांना विचारावें. कराचा दर पाहून मुलाची शाखा ठरविणारा बाप तेथें क्वचितच भेटेल. पाऊस, उसाचा भाव आणि तीन भावांत होणारी जमिनीची वांटणी ह्यांच्या हिशेबावर ती ठरते.

उसाच्या बिलावर प्राप्तिकर नाहीं. त्यांतूनच महाविद्यालयाची फी भरली जाते, आणि चार वर्षांनीं त्याच पैशावर शिकलेल्या मुलाच्या पगारांतून पुण्यास किंवा बंगळुरास कराची कपात सुरू होते. त्यासाठीं नोकरी सोडून तो गांवीं परतत नाहीं. महाराष्ट्रांत शेतजमीन घेण्याचा हक्क सामान्यतः शेतकऱ्यालाच आहे, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचें नांव वडिलांमागें लागलेलें असतें. पगार चांगला वाढला कीं, विहिरीलगतचा आणखी एकर-दोन एकरांचा तुकडा घेण्याचीं बोलणीं घरांत बहुधा सुरू होतात.