खैरपूरची बाग

दिल्लीचा हिवाळा भरात आला आणि दुपारचे ऊन हवेहवेसे वाटू लागले, की सुटीच्या दिवशी तेथील कुटुंबेच्या कुटुंबे लोदी उद्यानाची वाट धरतात. हिरवळीवर सतरंज्या पसरल्या जातात, पराठ्यांचे डबे उघडतात, संत्री सोलली जातात. आजोबा उन्हाकडे पाठ करून बसतात आणि नातवंडे पाचशे वर्षांच्या घुमटांभोवती लपंडाव खेळतात. मृतांच्या सान्निध्यात जिवंतांनी असे निःशंकपणे रमावे, हे दृश्य मोठे प्रसन्न असते.

घुमट जुने, तेव्हा बागही तितकीच जुनी असणार, असा अनेकांचा समज होतो. तो खरा नव्हे. सय्यद घराण्यातील सुलतान मुहंमदशहा १४४५ च्या सुमारास मरण पावला. त्याची अष्टकोनी कबर येथील वास्तूंमध्ये जुनी होय. १५१७ साली निवर्तलेल्या सिकंदर लोदीची कबर तशीच अष्टकोनी, परंतु उंच तटाने वेढलेली आहे. या दोहोंच्या मधल्या काळात, १४९४ साली, बड्या गुंबदाची मशीद उभी राहिली. पुढे १५२६ मध्ये पानिपतावर लोदींची सत्ता संपली. वास्तू उरल्या आणि कालांतराने त्यांच्या अवतीभवती खैरपूर नावाचे गाव नांदू लागले. सुलतानांच्या कबरींच्या शेजारी चुली पेटत होत्या आणि त्याच घुमटांच्या सावलीत तेथील मुलेही खेळत होती.

१९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याचे जाहीर झाले आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. रुंद रस्ते आणि प्रशस्त बंगले यांच्या या आखीव नगरीत जुन्या गावांना जागा उरली नाही. खैरपूरच्या रहिवाशांना तेथून उठविण्यात आले, भोवतालची जमीन मोकळी करण्यात आली आणि तीवर बाग रचण्यात आली. ९ एप्रिल १९३६ रोजी तिचे उद्घाटन झाले. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीचे नाव तिला देण्यात आले. हे विलिंग्डन १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. दिल्लीतील त्यांची कारकीर्द त्याच एप्रिल महिन्यात संपली. बागेच्या जुन्या प्रवेशद्वारावर ते नाव आणि ती तारीख आजही कोरलेली दिसते. खैरपूरचे नाव त्या दगडावर नाही.

स्वातंत्र्यानंतर उद्यानास लोदींचे नाव मिळाले. १९६८ साली जोसेफ स्टाइन व गॅरेट एक्बो या वास्तुरचनाकारांनी त्याची नव्याने आखणी केली. सुमारे ९० एकरांची ही बाग आज कोणासही मोकळी आहे. राजघराण्यांची स्मशानभूमी, मग शेतकऱ्यांचे गाव, मग राज्यकर्त्यांचे शोभास्थान आणि अखेर सर्वांचे विश्रांतिस्थान, असा या भूमीचा प्रवास आहे.

गाव उठले म्हणून वास्तूंना मोकळी हवा मिळाली आणि दाट वस्तीच्या महानगराला हिरवळ लाभली, हे नाकारता येणार नाही. परंतु लोकहिताचा जमाखर्च मांडताना जमेची बाजू तेवढी वाचून दाखवावी आणि खर्चाचे पान मिटून ठेवावे, ही रीत न्यायाची नव्हे. नगररचनेच्या नकाशावर जी जागा मोकळी म्हणून दाखविली जाते, तेथे कोणाचा तरी उंबरा असतो.

घुमटाकडे बोट दाखवून एखादे मूल विचारते, ‘येथे कोण राहत असे?’ वडील सुलतानाचे नाव सांगतात. सुलतान तेथे राहत नव्हता. त्याला तेथे पुरले होते. राहत होते ते खैरपूरचे लोक, आणि मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे.