सोवर, होवर, ओवर आणि ऑक्सफर्डचे संस्कृत प्राध्यापक

गोंडी बोलणाऱ्या मुलांना 'मिठाला घरी काय म्हणता?' असे विचारले, तर उत्तर सगळीकडे सारखे मिळत नाही. उत्तर व पश्चिमेकडच्या गोंडीत 'सोवर', डोंगराळ भागातील काही बोलींत 'होवर' आणि दक्षिणेकडे नुसते 'ओवर'. आपण शिक्षक याला बहुधा 'अशुद्ध उच्चार' म्हणून सोडून देतो. पण हा बदल नियमाने होतो. तो नियम ज्यांच्या कामामुळे स्पष्ट दिसू लागला, त्यांत एक होते संस्कृतचे पंडित टॉमस बरो.

बरो यांचा जन्म १९०९ साली इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, लेक या खेड्यात झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण झाल्यावर त्यांनी चिनी तुर्कस्तानात सापडलेल्या खरोष्ठी लेखांच्या भाषेवर काम केले. तो ग्रंथ १९३७ साली निघाला. काही वर्षे ते ब्रिटिश म्युझियममध्ये होते. १९४४ ते १९७६ या काळात ते ऑक्सफर्डला संस्कृतचे बोडेन प्राध्यापक होते. संस्कृत भाषेवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५५ सालचा. ग्रीक, लॅटिन, अवेस्ता यांच्या कुटुंबात संस्कृतचे स्थान कोणते, हा त्याचा मुख्य विषय. पण संस्कृतने आर्येतर भाषांकडून घेतलेल्या शब्दांचाही त्यात विचार आहे.

त्यातला एक शब्द 'मीन'. आपण तो राशीच्या नावात वापरतो आणि संस्कृत समजतो. गोंडीत मासा म्हणजे 'मीन'च, तमिळमध्येही तेच. हा शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात आला, असे बरो मानत. मात्र त्यांच्या अशा सगळ्याच व्युत्पत्ती टिकल्या असे नाही. पॉल थीम या जर्मन पंडिताने त्याच वर्षी परीक्षण लिहून त्यांतील कित्येक नाकारल्या. बरो यांनी काही ठिकाणी हात सैल सोडला होता, असे मलाही वाटते.

पण वाद निव्वळ पुस्तकांतून मिटणारा नव्हता. ज्या द्राविड भाषांना लिखित साहित्य नाही, त्यांचे शब्दच हाताशी नव्हते. म्हणून बरो मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात आले. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे सुधीभूषण भट्टाचार्य त्यांचे सहकारी. दोघांचे बस्तरमधील पर्जी भाषेवरील पुस्तक १९५३ साली आले आणि गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह १९६० साली. पुढल्याच वर्षी भट्टाचार्यांनी चांदा जिल्ह्यातील नाईकीवर लेख लिहिला. हा जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली. नाईकी कोलामीच्या जवळची, तरी तिचा वेगळा विचार करावा लागतो, हे त्यातून पुढे आले.

गोंडीच्या निरनिराळ्या बोलींतले शब्द शेजारी शेजारी मांडले की 'सोवर–होवर–ओवर' ही साखळी आपोआप दिसते. शब्दारंभीचा 'स' आधी 'ह' होतो, मग तोही गळतो. संस्कृतच्या अभ्यासकाला ही वाट ओळखीची. आपल्या 'सप्त'ला अवेस्तात 'हप्त' आणि ग्रीकमध्ये 'हेप्टा' म्हणतात. 'सिंधु'चा 'हिंदु' झाला तोही असाच. फरक इतकाच, की तिथे हा बदल हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतून शोधावा लागतो, आणि इथे त्याच्या तिन्ही पायऱ्या आजही माणसांच्या तोंडी आहेत. ज्या मुलाला आपण उच्चारासाठी टोकतो, ते अनेकदा भाषाशास्त्राचा नियम अचूक पाळत असते.

अमेरिकेतील मरे एमिनो हेही मूळचे संस्कृतचेच. त्यांच्यासह बरो यांनी १९६१ साली द्राविड व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. १९८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत साडेपाच हजारांवर नोंदी आहेत. तमिळ, तेलुगूच्या ओळीतच गोंडी, कोलामी, नाईकीचे शब्द बसलेले दिसतात. बोलींसाठी संक्षेप आहेत. शब्द सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र त्या नोंदींत नाहीत. बरो १९८६ साली वारले.

वर्गात गोंडी बोलणारी मुले असतील तर 'सहा'ला काय म्हणतात ते विचारून फळ्यावर गावाच्या नावासह लिहावे. 'स' टिकवणाऱ्या गोंडीत 'सारुंग' म्हणतात. तेलुगूत 'आरु'.