झाडीपट्टी रंगभूमी

झाडीपट्टी रंगभूमी ही पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत रूढ असलेली संगीतप्रधान व्यावसायिक नाट्यपरंपरा आहे. दाट झाडीमुळे या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले प्रतापगड (ता. अर्जुनी मोरगाव) याच पट्ट्यात येते.

हंगाम

दिवाळीनंतर, धानाचे पीक हाती येण्याच्या सुमारास, गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे येतात. दिवसा बाजार व दंडार आणि रात्री नाटक असा क्रम असतो. हा हंगाम साधारणतः होळीपर्यंत चालतो.

सादरीकरण

तिकीट लावून होणारा प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो व पहाटेपर्यंत रंगतो. कथानक बहुधा कौटुंबिक वा सामाजिक असते. गाणी, लावणी आणि विनोदी प्रवेश यांना त्यात मानाचे स्थान असते. वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र आहे.

कलावंत

अनेक कलावंतांचे वर्षाचे उत्पन्न या काही महिन्यांवरच अवलंबून असते. त्यामुळे २०२० मध्ये कोविड-१९ च्या टाळेबंदीत प्रयोग थांबताच त्यांची उपजीविका संकटात सापडली. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला आणि या रंगभूमीची राष्ट्रीय स्तरावर दखल घेतली गेली.