मुक्तीनंतरच्या वास्तू : कॅन्ससमधील निकोडेमस गावाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीच्या उच्चाटनासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्तीनंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आपले जीवन कसे उभारले, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासनीय ठरतो. कॅन्सस राज्यातील निकोडेमस या लहानशा गावातील पाच जुन्या इमारतींच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

वसाहतीची पार्श्वभूमी :
१८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपुष्टात आली, तरी दक्षिणेत जमीन आणि सत्ता मुख्यतः जुन्या मालकवर्गाकडेच राहिली. दुसरीकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्यामुळे पश्चिमेकडे कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू शकत होती. ही भूमी मूळ रहिवासी जमातींना हटवून मोकळी करण्यात आली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे. १८७७ मध्ये डब्ल्यू. आर. हिल हा श्वेतवर्णीय जमीन-प्रवर्तक व डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांच्या पुढाकाराने निकोडेमसची स्थापना झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंटकीहून सुमारे ३०० लोक तेथे पोहोचले. जाहिरातीत वर्णिलेले गाव प्रत्यक्षात नव्हतेच. वृक्षहीन माळरानावर लाकूड नसल्याने त्यांनी जमिनीत खोदलेल्या निवाऱ्यांत पहिला हिवाळा काढला. काहीजण परत गेले. उरलेल्यांनी गाव वसविले.

पाच वास्तू :
गावातील सेंट फ्रान्सिस हॉटेल सुमारे १८८१ मधील असून ते झॅकरी फ्लेचर यांच्या कुटुंबाचे होते. फ्लेचर हे गावाचे पहिले पोस्टमास्तर, तर त्यांच्या पत्नी जेनी या पहिल्या शिक्षिका होत. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची चुनखडीच्या दगडातील इमारत १८८५ मधील आहे. बॅप्टिस्ट मंडळीची उपासना आरंभी जमिनीतील निवाऱ्यात भरे; तिची सध्याची इमारत १९०७ मधील आहे. शाळेची इमारत १९१८ मध्ये, तर नगरसभागृह १९३९ मध्ये महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून स्थानिक दगडात उभे राहिले.

या वास्तूंत अलंकरण जवळजवळ नाही. मात्र उपासना, शिक्षण, टपाल, पांथस्थांची सोय आणि सभा हे त्यांचे उपयोग एकत्र पाहिले, तर स्वातंत्र्याचा या लोकांनी लावलेला अर्थ स्पष्ट होतो. गुलामीत वाचन-लेखन, स्वतंत्र सभा व संपत्ती यांपासून त्यांना वंचित ठेवण्यात आले होते. नेमक्या त्याच गोष्टींसाठी त्यांनी भिंती उभारल्या.

रेल्वे आणि ऱ्हास :
रेल्वे यावी म्हणून १८८७ मध्ये गावाने १६,००० डॉलर्सच्या रोख्यांना मंजुरी दिली. तथापि अपेक्षित मार्ग आला नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग नदीच्या दक्षिणेकडून गेला आणि अनेक दुकाने तेथे वसलेल्या बोग या गावी स्थलांतरित झाली. उल्लेखनीय बाब अशी की, शाळा, नगरसभागृह आणि बॅप्टिस्ट चर्चची सध्याची इमारत या तिन्ही वास्तू या आघातानंतरच्या आहेत. व्यापार गेला, पण समाज टिकून राहिला. पुढे १९३० च्या दशकातील दुष्काळ व मंदीने लोकसंख्या आणखी घटली आणि १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले.

निष्कर्ष :
१९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली आणि १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले. तत्पूर्वी या वास्तू टिकल्या त्या प्रामुख्याने गावकऱ्यांमुळे आणि दरवर्षी मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी परतणाऱ्या त्यांच्या वंशजांमुळे. पहिल्या हिवाळ्यातील निवारे मातीत मिसळले. त्यामुळे आरंभीच्या कष्टांचा इतिहास मुख्यतः कौटुंबिक आठवणींतूनच जाणून घ्यावा लागतो. वास्तूचे ऐतिहासिक मूल्य केवळ तिच्या भव्यतेवर किंवा राजाश्रयावर ठरवू नये, हे निकोडेमसच्या अभ्यासातून स्पष्ट होते. ज्यांना लिखित इतिहासात अल्प स्थान मिळाले, त्यांच्या साध्या भिंती हाही इतिहासाचा प्रमाणभूत पुरावाच होय.