घड्याळ कुणाच्या हातात?

परदेशात तीन-चार आठवड्यांची सुट्टी काढायची म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. पहिली पार्टी म्हणते, "टूर कंपनीला पैसे द्या आणि मोकळे व्हा. सकाळी सहाला वेक-अप कॉल, आठला बस, रात्री वरण-भात. डोक्याला ताप नाही." दुसरी पार्टी एक्सेल शीट उघडून बसते आणि "छे, झेंड्यामागे मेंढरासारखं आम्ही नाही बुवा फिरणार" असं ऐकवते. ऑफिसच्या कँटीनमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की दोन्ही बाजूंचे डायलॉग पाठ झालेत.

गंमत म्हणजे हा वाद चांगला दीडशे वर्षं जुना आहे. आणि तो खरा रंगला तो नाईल नदीवर. त्याचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं की दोन्ही पार्ट्या चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. कसं ते सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या माणसाला इजिप्त बघायचा असेल तर रूढ पद्धत अशी होती. कैरोला यायचं, बुलाकच्या धक्क्यावर एक 'दहबिया' म्हणजे शिडाची लांबट घरहोडी भाड्याने घ्यायची आणि दोन-तीन महिने नदीतच मुक्काम ठोकायचा. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून वाहतो, म्हणून दक्षिणेला जाताना शीड. नदी स्वतः उत्तरेला वाहते, म्हणून येताना प्रवाह आणि वल्ही. निसर्गाने दिलेलं रिटर्न तिकीटच की!

पण तयारी? १८४७ साली मरे या प्रकाशकाने इजिप्तचं हँडबुक काढलं, लेखक जॉन गार्डनर विल्किन्सन. मोठा विद्वान माणूस. त्याचा सल्ला काय, तर भाड्याने घेतलेली होडी आधी पाण्यात बुडवून काढा, म्हणजे उंदीर आणि किडे मरतील. आपण हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर गादीचा कोपरा उचलून बघतो, त्याचाच हा पूर्वज.

होडी मिळाली की 'ड्रॅगोमन' शोधायचा. हा शब्द मूळ अरबी 'तर्जुमान'वरून आलाय. आपल्या मराठीतला 'तर्जुमा' त्याच घरातला. म्हणजे ड्रॅगोमन हा मुळात दुभाष्या. प्रत्यक्षात मात्र तो दुभाष्या, मॅनेजर, खानसाम्यावरचा साहेब, गाईड आणि खजिनदार असं सगळं एकदम असायचा. त्याच्याशी वकिलातीत जाऊन लेखी करार करायची पद्धत होती आणि बेडेकरच्या गाईडबुकात (हे जर्मन बेडेकर, लोणचं-मसाल्यांचे नव्हेत!) कराराचा नमुनाही छापलेला असे. किती दिवस, कुठे थांबायचं, जेवणात काय, गाढवांचं भाडं कुणी द्यायचं, 'बक्षीस' कुणाच्या खिशातून. आयटीत काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. स्कोप आधी लिहून घेतला नाही तर पुढे काय होतं ते आपण रोजच बघतो.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. ज्यांना आपण 'स्वतंत्र प्रवासी' म्हणतो, ते सगळे गाईड घेऊनच फिरत होते.

मग आले थॉमस कुक. इंग्लंडमधला सुतारकाम शिकलेला, दारूबंदीचा प्रचार करणारा धार्मिक माणूस. ५ जुलै १८४१ला त्याने लेस्टर ते लाफबरो अशी खास रेल्वेगाडी काढली. माणशी एक शिलिंग, सुमारे ५०० लोक, आणि हेतू काय तर दारूबंदीची सभा. पुढे स्कॉटलंड, मग युरोप आणि १८६९ साली नाईल. तीसेक लोकांचा ग्रुप भाड्याच्या आगबोटींतून कुकने नदीत वर नेला. पुढच्याच वर्षी खेदिव इस्माईलच्या सरकारकडून नाईलच्या प्रवासी आगबोटींची एजन्सी कुक कंपनीला मिळाली. कैरोहून अस्वान आणि परत, सगळं मिळून तीन आठवडे. कुठल्या देवळाजवळ कधी पोचायचं आणि कधी निघायचं, सगळं छापील.

यात कुकने नेमकं विकलं काय? देवळं तर आधीपासून तिथेच होती. त्याने विकली ती खात्री. किंमत आधी माहीत, परतीची तारीख माहीत. शिक्षक, पाद्री, दुकानदार, एकट्या फिरणाऱ्या बायका, यांना तीन महिन्यांची दहबिया कुठून परवडणार? त्यांना कुकमुळे पहिल्यांदा जग दिसलं. साहजिकच वरच्या वर्गातल्या लोकांना हे झोंबलं. चार्ल्स लेव्हर नावाचा आयरिश कादंबरीकार तेव्हा इटलीत ब्रिटिश वकिलातीच्या नोकरीत होता. त्याने १८६५च्या सुमारास कुकच्या प्रवाशांची यथेच्छ टिंगल केली. ब्रिटिश सरकार आपले कैदी गुपचूप इटलीत आणून सोडतंय, अशी थाप आपण स्थानिक लोकांना मारली, असंही त्याने लिहिलं. "मेंढरासारखं नाही फिरणार" या डायलॉगचं खानदान हे असं आहे. त्याच्या मुळाशी चोखंदळपणा कमी आणि "हे लोक इथे कशाला आले?" जास्त होतं.

आता आपली नायिका. अमेलिया एडवर्ड्स, इंग्रज कादंबरीकार आणि पत्रकार, वय ४२. १८७३ साली मैत्रिणीबरोबर फ्रान्समध्ये चित्रं काढत फिरत होती. पाऊस थांबेना, म्हणून वैतागून, काहीही प्लॅन नसताना, नोव्हेंबरच्या अखेरीस कैरोला येऊन पोचली. कुकची आगबोट समोर उपलब्ध होती. तिने ती नाकारली आणि दहबिया शोधायला लागली.

तो शोध वाचण्यासारखा आहे. रोज बुलाकला जायचं, डझनावारी होड्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी होड्यांच्या जागा बदललेल्या, त्यामुळे कालची कुठली ते कळेना. कप्तान लोक जुन्या गिऱ्हाइकांची शिफारसपत्रं दाखवणार, पण ती खरी किती कुणास ठाऊक. आणि भाडी रोज वरखाली, कारण मोठ्या हॉटेलांत किती नवे पाहुणे उतरले यावर बाजारभाव ठरायचा. १८७३ साली डायनॅमिक प्रायसिंग आणि फाईव्ह स्टार रिव्ह्यू, दोन्ही हजर!

शेवटी 'फिले' नावाची होडी ठरली. १३ डिसेंबरला निघाले. त्या काळचा नियम असा की जाताना कुठेही न थांबता शेवटपर्यंत जायचं आणि देवळं येताना बघायची. उशिरा निघणाऱ्यांना ते भागच होतं, नाहीतर पाणी उतरल्यावर होडी वाळूत रुतायची. पण अमेलियाचं म्हणणं, ज्याला इजिप्तचा इतिहास क्रमाने समजून घ्यायचाय त्याने लवकर निघावं आणि जातानाच थांबत थांबत जावं, कारण सगळ्यात जुन्या गोष्टी उत्तरेला, कैरोजवळ आहेत. सांगायचा मुद्दा, मार्ग तोच, नदी तीच, फक्त थांबायचं कधी हे कोण ठरवतंय यावर तुम्हाला इतिहास कळणार की नुसते दगड दिसणार हे अवलंबून होतं.

३१ जानेवारी १८७४च्या रात्री ते अबू सिंबेलला पोचले आणि १८ फेब्रुवारीला निघाले. अठरा दिवस! त्यातले चार वादी हाल्फाला जाऊन येण्यात गेले, उरलेले चौदा त्या एका देवळाच्या पायथ्याशी. बरोबरच्या चित्रकाराला चित्र पूर्ण करायचं होतं. बाकीच्यांना फारसं काम नव्हतं. आणि नेमकं तेव्हा, १६ फेब्रुवारीला, इकडे-तिकडे भटकताना त्या चित्रकाराला खडकात एक फट दिसली. मग सगळे खलाशी आणि जवळच्या गावचे लोक हातांनी वाळू उपसायला लागले आणि आत निघाली एक रंगवलेली खोली, भिंतींवरची चित्रं अजून ताजी. छापील वेळापत्रकात "आज काही नाही" असा दिवस कधीच नसतो. ही खोली अशा रिकाम्या दिवसांमुळेच सापडली.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. अमेलिया परत गेली, अभ्यास केला, १८७७ साली प्रवासवर्णन छापलं, १८८२ साली इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि १८९२ साली गेली तेव्हा तिच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्लंडमधलं इजिप्तॉलॉजीचं पहिलं अध्यासन सुरू झालं. पावसामुळे बदललेल्या एका सुट्टीतून हे सगळं उभं राहिलं.

पण थांबा, लगेच 'स्वतंत्र प्रवासी झिंदाबाद' म्हणू नका. देवळाच्या एका प्रचंड पुतळ्याच्या चेहऱ्यावर ब्रिटिश म्युझियमसाठी साचा घेताना राहिलेले प्लॅस्टरचे पांढरे डाग होते. या मंडळींनी वल्ह्यांची परात बांधून ते काढले आणि जिथे पांढरं राहिलं तिथे चक्क कडक कॉफी लावून रंग जुळवला. सापडलेल्या खोलीच्या दारावर आतून स्वतःची नावं आणि तारीख लिहिली. जोडीने चाललेल्या दुसऱ्या होडीतल्या मैत्रिणींनी भारी किंमत देऊन एक ममी विकत घेतली, आणि वास सहन होईना म्हणून आठवड्याभरात नदीत सोडून दिली. पुढे अमेलियानेच लिहिलं की त्या खोलीतल्या चित्रांचीही नासधूस झाली. थोडक्यात, स्वतःचं घड्याळ असलं म्हणजे शहाणपण येतंच असं नाही. उलट कुक कंपनीने १८९० साली वॉलिस बज या ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञाकडून आपल्या नाईलच्या प्रवाशांसाठी खास पुस्तक लिहून घेतलं. झेंड्यामागचे लोकही वाचत होते.

आणि काही ठिकाणी गाईडला पर्यायच नव्हता. अस्वानजवळचा नाईलचा पहिला खळाळ म्हणजे खडकांमधून उसळणारं पाणी. तिथे होडी वर चढवायची तर त्या खळाळाच्या शेखशी सौदा करावा लागे, मग त्याची माणसं दोर लावून काही दिवसांत होडी ओढून नेत. कितीही पुस्तकं वाचलीत तरी हे काम तुमचं नव्हतं. १९०२ साली अस्वानचं धरण झालं आणि ती विद्या संपली.

आता भरवशाचा भाग. आपल्या मुंबईतही कुकची कहाणी आहे. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना दलाल लुबाडायचे, जहाजांत माणसं कोंबली जायची. म्हणून १८८६ साली हिंदुस्थान सरकारने हे काम कुक कंपनीकडे दिलं आणि काही वर्षं ते चाललं. पण भरवसाही कायमचा नसतो. २३ सप्टेंबर २०१९ला ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी १७८ वर्षांनंतर कोसळली आणि सुमारे सहा लाख प्रवासी सुट्टीतच अडकले. (भारतातली त्याच नावाची कंपनी तेव्हा वेगळ्या मालकीची होती, तिला धक्का लागला नाही.) सगळे पैसे आगाऊ एकाच ठिकाणी भरताना हे लक्षात असू द्या.

तर मूळ प्रश्न. गाईड घ्यावा की नाही? माझ्या मते हा प्रश्नच नाही. ड्रॅगोमनची पाच कामं होती, त्यातली निम्मी आता मोबाईलने खाल्लीत. तिकीट, हॉटेल, टॅक्सी, मोडकंतोडकं भाषांतर, यासाठी महिनाभर कुणाच्या झेंड्यामागे जायची गरज नाही. उरली दोन. एक, खळाळ ओलांडणं, म्हणजे जिथे धोका आहे किंवा परवान्याशिवाय दार उघडत नाही. तिथे मुकाट्याने स्थानिक माणसाला पैसे द्या. दोन, अर्थ सांगणं. इजिप्तचे परवानाधारक गाईड हा विषय शिकून आलेले असतात. राजांच्या दरीत थडग्यांच्या आत बोलायची त्यांना परवानगी नसते, ते बाहेर उभं राहून समजावतात आणि मग तुम्ही आत एकटे जाता. मला तर हे मॉडेल आदर्श वाटतं. आधी ऐका, मग आपल्या वेळेने बघा.

बुक करताना "काय-काय दाखवणार?" याच्या जोडीला "किती वेळ थांबणार आणि कोण ठरवणार?" हेही विचारा. आज अस्वानहून अबू सिंबेलची टूर पहाटे अंधारात निघते, जवळजवळ ३०० किलोमीटर बस, देवळापाशी साधारण दोन तास, आणि परत. एक आठवडाच हातात असेल तर तेही वाईट नाही, कुकच्या शिक्षकांनी तेवढ्यातच आनंद मानला. पण तीन आठवडे असतील तर त्याच गावात एक रात्र राहा. बस निघून गेल्यावर संध्याकाळी त्या देवळासमोर गर्दी नसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या रकान्यात काहीही लिहू नका.